तेवीस तारखेला बर्फ पडणार का? लांबचा अंदाज वाचायची माझी रीत

दर हिवाळ्यात हा फोन येतोच. "ताई, अॅपवर तेवीस तारखेला बर्फ दाखवतंय, तीस सेंटिमीटर! जायचं की नाही मग?" तेवीस तारीख उजाडायला तेव्हा सतरा-अठरा दिवस असतात. मी एवढंच विचारते, "काल किती दाखवत होतं?" पलीकडे शांतता. काल कुणी पाहिलेलंच नसतं.

हिवाळ्यात मी बर्फातल्या पदभ्रमंतीला गट घेऊन जाते आणि उन्हाळ्यात एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत पाणी आणि प्रथमोपचाराची जबाबदारी माझ्याकडे असते. म्हणजे वर्षातून दोनदा माझी तारीख आधी ठरते आणि आभाळ काय करणार ते नंतर कळतं. मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पण तेरा वर्षं अंदाज वहीत उतरवतेय, आणि बऱ्याच फजित्यांनंतर एक रीत हाताला बसली आहे.

सुरुवात वहीनेच करा. तारीख ठरली की एक पान आखायचं. डावीकडे आजची तारीख, पुढे 'त्या' दिवसाबद्दल आज काय सांगितलंय ते: किमान, कमाल, पाऊस की बर्फ, किती. रोज एकाच वेळी आणि एकाच ठिकाणी पाहून लिहायचं. आज हे अॅप, उद्या ते संकेतस्थळ असं केलंत तर पान वाया गेलं. माझ्या एका जुन्या पानावरच्या ओळी अशा आहेत: १७ दिवस आधी ३० सेंमी, १६ दिवस आधी काही नाही, १५ ला ८ सेंमी, १४ ला पाऊस, १३ ला पुन्हा ४५ सेंमी. यातला एकही आकडा उपयोगाचा नाही. उपयोगाची आहे ती त्यांची उडी. अंदाज रोज अशा कोलांट्या मारतोय तोवर कुणालाच काही ठाऊक नाही, एवढं त्यातून पक्कं कळतं. कोलांट्या कधी थांबल्या, तो दिवस लाल शाईने खूण करून ठेवा. माझ्या वहीत बर्फाच्या बाबतीत ही लाल खूण बहुतेक वेळा चार ते सहा दिवस आधी पडते. त्याआधी पडलेली अगदी थोडी पानं आहेत.

असं का होतं, ते १९६१ साली अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांच्या ध्यानात आलं. ते संगणकावर हवामानाचं एक साधं मॉडेल चालवत होते. जुनी आकडेमोड मधूनच पुन्हा सुरू करायची म्हणून त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. यंत्राच्या पोटात तो ०.५०६१२७ असा होता. कॉफी पिऊन तासाभराने येऊन बघतात तर नवं हवामान जुन्याशी काडीचंही जुळत नव्हतं. खऱ्या वातावरणाचं मोजमाप तर इतकंही बारीक कधी होत नाही. समुद्रावर, वाळवंटात, डोंगरामागे मोजणी विरळ असते, आणि आज राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते. साधारण दोन आठवड्यांत ती सगळं गिळून टाकते. अमेरिकेच्या नोआ या सरकारी हवामान संस्थेचा ढोबळ हिशेब असा आहे: पाच दिवसांचा अंदाज सुमारे ९० टक्के वेळा बरोबर येतो, सात दिवसांचा ८० टक्के, आणि दहा किंवा त्याहून जास्त दिवसांचा जेमतेम निम्म्या वेळा. आणि हे झालं सर्वसाधारण हवामानाचं. टोकाचं हवामान याहून अवघड असतं. त्यामुळे अॅपवर पंचेचाळीस दिवसांचे पंचेचाळीस चौकोन आकड्यांनी भरलेले दिसले, तर पहिले दहा वाचा. बाकीचे चौकोन रिकामे दिसू नयेत म्हणून भरलेले आहेत असं समजा.

दुसरी गोष्ट, एकट्या आकड्यामागे लागू नका, ताफा पाहा. मोठी केंद्रं एकच अंदाज काढत नाहीत. सुरुवातीच्या मोजमापात मुद्दाम थोडे थोडे फरक करून तेच मॉडेल अनेकदा चालवतात. याला एन्सेम्बल म्हणतात. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्र हे १९९२ पासून करतंय आणि त्यांच्या ताफ्यात ५१ अंदाज असतात. काही संकेतस्थळांवर या साऱ्या रेघा एकाच आलेखावर दिसतात. सुरुवातीला दोरीसारख्या एकत्र असतात, पुढे केरसुणीसारख्या फिसकारतात. केरसुणी जिथे फिसकारली तिथे अंदाजाची मुदत संपली. हा आलेख वाचता आला की अॅपवरचं बर्फाचं चिन्ह पाहायची गरजच उरत नाही.

यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलेय. समजा दहा दिवस आधी ५१ पैकी ४५ रेघा शून्य बर्फ सांगतात आणि सहा रेघा ३५ सेंटिमीटरच्या आसपास. सरासरी निघते चार सेंटिमीटर. आणि चार सेंटिमीटर हे तर एकाही रेघेचं म्हणणं नाही! बर्फाच्या बाबतीत सरासरी वाचूच नका. आधी आपला उंबरठा ठरवा आणि किती रेघा तो ओलांडतात ते मोजा. माझ्या गटात नवखे असतील तर २० सेंटिमीटरला मी वाट बदलते, म्हणून मी २० च्या वरच्या रेघा मोजते. वहीत लिहिते "५१ पैकी ६". चिन्हापेक्षा हे किती तरी खरं आहे.

बर्फावर थोडं रेंगाळते, कारण फसगत इथेच जास्त होते. अंदाजात मुळात पाणी मोजलेलं असतं, त्याचा बर्फ हिशेबाने करतात. ढोबळ नियम एकास दहा: १० मिलिमीटर पाण्याचा १० सेंटिमीटर बर्फ. पण कोरड्या थंडीत तेवढ्याच पाण्याचा २० सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ होतो आणि शून्याच्या आसपास पाचच सेंटिमीटर जड, चिकट बर्फ. एखाद-दोन अंश वर गेलं की नुसता पाऊस. म्हणून अॅपवरचा 'बर्फ सेंमी' सोडून मी पाण्याचे मिलिमीटर आणि शून्य अंशाची उंची (म्हणजे जिथे हवा शून्य अंशावर येते ती उंची) या दोनच गोष्टी उतरवते. हिमरेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी बर्फ पडतो ती उंची, साधारण शून्य अंशाच्या उंचीपेक्षा दोनशे-तीनशे मीटर खाली असते. उंचीनुसार तापमान किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे अंदाजात एका अंशाची चूक झाली की हिमरेषा दीडशे मीटर सरकली. आमचा तळ आणि पहिला मुक्काम यांत तेवढाच फरक असतो. तळावर भिजलेले तंबू आणि वर कोरडा बर्फ, हे मी एकाच दुपारी पाहिलंय. त्यात जागतिक मॉडेलच्या जाळीचा एकेक चौकोन नऊ-दहा किलोमीटरचा, त्यामुळे त्यातला डोंगर खऱ्या डोंगरापेक्षा बुटका असतो. ज्या ठिकाणचा अंदाज बघताय तिथली मॉडेलची उंची किती धरलीय हे आधी शोधा. बरीच संकेतस्थळं ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत देतात.

आणि वादळाची वाट! जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कला अर्ध्या मीटरहून जास्त बर्फाचा इशारा होता, भुयारी रेल्वेसुद्धा बंद ठेवली. वादळ थोडं पूर्वेला सरकलं आणि सेंट्रल पार्कात पडला जेमतेम २५ सेंटिमीटर. शेजारच्या लाँग आयलंडवर मात्र ठिकठिकाणी ठरल्याप्रमाणे ढीग साचले. हे सतरा दिवस आधीचं नव्हे, आदल्या दिवशीचं सांगतेय.

उष्णतेचा स्वभाव वेगळा. बर्फ लहानशा पट्ट्यावर अडून बसतो, तर उष्णतेची लाट हजारो किलोमीटरवर पसरलेल्या, जागच्या जागी ठाण मांडलेल्या उच्च दाबातून येते. म्हणून 'येणार का' हे आठवडाभर आधी बऱ्यापैकी कळतं. 'किती' ते मात्र शेवटपर्यंत हुलकावणी देतं. जून २०२१ मध्ये पश्चिम कॅनडात मोठ्या उष्णतेचे संकेत आधी मिळाले होते, पण आकडे असे की पाहणाऱ्याला मॉडेल बिघडलंय असंच वाटावं. कॅनडाचा १९३७ पासूनचा विक्रम ४५ अंशांचा होता. लिटन गावात तो सलग तीन दिवस मोडला आणि २९ जूनला पारा ४९.६ वर गेला. दुसऱ्या दिवशी वणव्यात ते गाव जवळजवळ सगळं जळालं. तेव्हापासून ताफ्यातली सगळ्यात वरची रेघ 'काहीतरीच' म्हणून मी खोडत नाही. तिच्याभोवती वर्तुळ काढते आणि दुसऱ्या दिवशी तिला सोबती मिळाले का ते पाहते.

शर्यतीसाठी आम्ही सुरुवातीची काही वर्षं फक्त कमाल तापमान लिहायचो. चूक होती. एका वर्षी कमाल ठीक होतं, पण रात्रीचं किमान २८ च्या खाली गेलंच नाही, हवा दमट होती, आणि पहाटे सुरू केलेल्या शर्यतीतही आठ वाजेपर्यंत प्रथमोपचाराचा तंबू भरला. किमान आणि दमटपणा आता वहीत आधी येतात. शिवाय अंदाजातलं तापमान सावलीतलं, जमिनीपासून दीड-दोन मीटरवरचं असतं. डांबरी रस्त्यावर उन्हात धावणाऱ्याला तो आकडा दाखवून धीर देऊ नका. आधीचे दोन-तीन आठवडे कोरडे गेले असतील तर माझं बोट आलेखात आपोआप वरच्या रेघांकडे जातं, कारण ओल नसलेली जमीन ऊन बाष्पीभवनात खर्च न करता हवाच तापवते.

तीन-सहा आठवड्यांचे आणि ऋतूचे नकाशे मी पाहते, पण पाच मिनिटंच. तिथे तारीख नसतेच. मागची वर्षं तीन सारख्या भागांत वाटलेली असतात: थंड, मध्यम, उष्ण. प्रत्येकाला मुळात ३३ टक्के. नकाशावर '४५ टक्के उष्ण' दिसलं की लोक त्याचा अर्थ 'उष्ण असणार' असा घेतात. खरा अर्थ एवढाच की पारडं थोडं कललंय. कधी कधी हे कलणं कामाचं ठरतं. फेब्रुवारी २०१८ च्या मध्यात उत्तर ध्रुवावरच्या स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, अचानक ऊब आली आणि महिनाअखेरीस युरोप गोठला. पण अशी प्रत्येक ऊब खाली थंडी आणतेच असं नाही.

मग ठरवायचं कसं? मी अंदाजाला मुदत विचारते आणि निर्णय त्या मुदतीमागे ढकलते. महिनाभर आधी फक्त जुनी नोंद: १९९१ ते २०२० ची सरासरी, आणि त्या तारखेच्या आसपास आजवर सगळ्यात वाईट काय घडलं. सामानाची यादी यावरूनच होते. याच टप्प्यावर परत न मिळणारे पैसे भरायचे नाहीत. दहा दिवस आधी ताफा बघून पर्यायी वाट किंवा पर्यायी वेळ तयार ठेवायची, जाहीर करायची नाही. पाच दिवस आधी जायचं की नाही ते ठरतं. किती बर्फ, कुठल्या उंचीपर्यंत, कितीला सुरुवात, हे दोन दिवस आधी. एकदा मी बारा दिवस आधी ४० सेंटिमीटर पाहून अख्खा गट रद्द केला. त्या तारखेला इतकं लख्ख ऊन पडलं की दोघांनी मला नुसत्या निळ्या आभाळाचे फोटो पाठवले. शब्द एकही नाही.

वर्षअखेरीस वही तपासायलाही विसरू नका. '३० टक्के' असं जिथे जिथे लिहिलं ती पानं वेगळी काढा. दहातल्या तीनेक वेळा घडलं असेल तर तुमचा स्रोत प्रामाणिक आहे. सात वेळा घडलं तर तो भित्रा आहे, एकदाही नाही तर बोलघेवडा. माझा एक आवडता स्रोत असाच गेला.

यंदाचं पान समोर उघडं आहे. आज नऊ दिवस बाकी, २० सेंटिमीटरच्या वर ५१ पैकी १४, काल ११ होत्या. सकाळपासून दोन फोन येऊन गेले. दोघांनाही अठरा तारखेची सकाळ, साडेसातची वेळ दिली आहे. गाडीवाल्यालाही तीच.