'गेट'चा अर्थ फक्त 'मिळवणे' नाही

शाळेत पाठ केलं होतं: गेट, गॉट, गॉट, मिळवणे. ठाण्याच्या मराठी शाळेत तेवढ्यावर भागलं. मग घणसोलीला एका ऑफिसात, खरेदी विभागात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात साहेबांची मेल आली: 'प्लीज गेट धिस पीओ साइन्ड टुडे.' मी 'साइन्ड' वाचलं आणि पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या, खाली माझीच सही करून टाकली. सही हवी होती मॅनेजरांची. कागद रद्द झाला, नवा काढावा लागला, ऑर्डर एक दिवस लांबली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, सही कर नाही. सही करून घे."

त्या 'करून घे'ने माझं 'गेट'चं कोडं सुटलं. हा फरक आपण लहानपणापासून बोलतोच की! 'आय कट माय हेअर' म्हणजे कात्री मीच चालवली. पार्लरमधून कापून घेतले तर 'आय गॉट माय हेअर कट'. गेट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम कोणाकडून करून घ्यायचं ते सांगायचं असेल तर माणूस आधी येतो आणि मध्ये 'टू' लागतो: 'गेट द मॅनेजर टू साइन इट.' ऑफिसात कामं याच भाषेत सांगतात, म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांनी आधी हे पक्कं करावं.

बाकीचे अर्थ शेजारच्या शब्दावरून कळतात. पुढे विशेषण आलं की 'होणे': 'इट्स गेटिंग लेट'. ठिकाण आलं की 'पोचणे': 'व्हेन डिड यू गेट टू ठाणे?' ट्रेनमध्ये चढताना 'गेट ऑन', रिक्षात बसताना मात्र 'गेट इन'. आणि फोनवर कोणी 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणालं तर तो परत येणार नसतो, नंतर कळवणार असतो.

एवढे अर्थ बघून धडकी भरली तर आपलं 'लागणे' आठवा. भूक लागते, ठेच लागते, दिवसभर ऊन लागतं. ठाण्याला नऊ नंबरवर गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. यातलं काही आपण तक्ता करून पाठ केलं नाही, अख्खी वाक्यं कानावर पडत गेली. मीही तेच केलं. रोज मेलमध्ये दिसलेलं गेटचं एक वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवायचं आणि समोर आपण घरी बोलतो तसं मराठी लिहायचं. अमेरिकन ग्राहकाच्या मेलमध्ये 'गॉटन' दिसलं तर ती चूक समजू नका, तिकडे तिसरं रूप तसंच चालतं.

औपचारिक पत्रात मात्र गेट जपून वापरा. 'वी गॉट युअर लेटर'पेक्षा 'वी हॅव रिसीव्ड युअर लेटर' बरं दिसतं.