शेडमधले जुने डिझेल: तपासणी, वापर आणि विल्हेवाट

विहिरीवर विजेची मोटर बसली की ऑइल इंजिन बाजूला पडते आणि त्याच्यासाठी आणून ठेवलेले अर्धे बॅरल डिझेल शेडच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे उभे राहते. शहरातल्या गृहसंस्थांच्या जनरेटरचीही तीच गत होते. वीज क्वचित जाते, टाकी मात्र भरलेली असते, आणि आतले डिझेल कोणत्या साली भरले हे समितीतल्या कोणालाच आठवत नाही. मग एके दिवशी गरज पडते आणि प्रश्न येतो, की हे डिझेल चालेल का? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण डिझेलच्या वयावरून शोधतात. माझ्या मते ते टाकीच्या तळावरून शोधावे, कारण डिझेल वयाने जितके बिघडते त्यापेक्षा पाण्याने जास्त बिघडते. बंद भांड्यात, सावलीत, कोरडे राहिलेले दीड वर्षाचे डिझेल पुष्कळदा वापरण्याजोगे निघते, तर एका पावसाळ्यात पाणी शिरलेले सहा महिन्यांचे डिझेल इंजिनाचा फ्युएल पंप खराब करू शकते.

डिझेलमध्ये बिघाड दोन वाटांनी होतो. पहिली वाट हवेची आणि उष्णतेची आहे. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिझेलमध्ये चिकट, डिंकासारखे पदार्थ तयार होतात, रंग गडद होतो आणि फिल्टरवर व नॉझलवर राळ बसते. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ही क्रिया वेगाने होते. तांबे, पितळ आणि जस्त या धातूंच्या संपर्काने ती आणखी वाढते, म्हणून गॅल्व्हनाइज्ड पिंपात डिझेल साठवू नये. दुसरी वाट पाण्याची आहे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते आणि जिथे पाणी व डिझेल एकमेकांना भिडतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. त्यांना पाणी राहायला लागते आणि डिझेल खायला लागते. त्यांचा तपकिरी किंवा काळा, शेवाळासारखा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो आणि त्यांच्यापासून निघणारी आम्ले टाकीचा पत्रा आतून खातात.

हे पाणी येते कुठून, हे समजून घेतल्यास अर्धे काम होते. अर्धवट भरलेल्या टाकीत दिवसा हवा तापते व बाहेर पडते, रात्री थंड होते व बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, आणि तिच्यातील बाष्प पत्र्यावर जमून खाली गळते. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचे पाणी साचले तर हाच श्वासोच्छ्वास ते पाणी बुचाच्या आट्यांमधून हळूहळू आत खेचतो. मी एकदा पागोळ्यांखाली ठेवलेले एक बॅरल उघडले होते. बूच हाताने सुटणार नाही इतके घट्ट होते, तरी आत चार बोटे पाणी होते. नेहमीच्या मोठ्या बॅरलचा व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर असतो, त्यामुळे तळाशी एक सेंटिमीटर पाणी म्हणजे अडीच लिटर पाणी होते, हा हिशेब ध्यानात ठेवावा.

तपासणीसाठी बॅरल किंवा टाकी न हलवता निदान दोन दिवस स्थिर ठेवावी. त्यानंतर स्वच्छ, कोरड्या मोजपट्टीच्या टोकाला पाणी तपासण्याची पेस्ट लावून ती तळापर्यंत सरळ सोडावी. ही पेस्ट पेट्रोल पंपावर रोज वापरली जाते आणि जिथपर्यंत पाणी असेल तिथपर्यंत तिचा रंग बदलतो. मग हातपंपाची नळी थेट तळाला टेकवून पहिला नमुना आणि मधल्या उंचीवर धरून दुसरा नमुना काचेच्या दोन स्वच्छ बरण्यांमध्ये घ्यावा. जनरेटरच्या टाकीला खाली ड्रेन कॉक असतो, तिथला नमुना त्याच्यातूनच घ्यावा. दोन्ही बरण्या झाकण लावून एक रात्र ठेवाव्यात आणि सकाळी उजेडात, शेजारी ताज्या डिझेलची तिसरी बरणी ठेवून पाहाव्यात. तुलना केल्याशिवाय रंगाबद्दल बोलणे फोल आहे.

मधला नमुना स्वच्छ, पारदर्शक आणि ताज्यापेक्षा किंचितच गडद असेल, तर तळाशी थोडे पाणी असले तरी ते डिझेल वाचवता येते. नमुना धुकट दिसत असेल, तर त्यात पाणी मिसळलेले आहे. त्याला आणखी काही दिवस निवळू द्यावे आणि पुन्हा पाहावे. चहासारखा गडद रंग, रोगणासारखा किंवा आंबूस वास, बरणीच्या काचेला चिकटणारा थर, पाण्याच्या वर तरंगणारे शेवाळ, किंवा सडलेल्या अंड्यासारखा दर्प यांपैकी काहीही आढळले, तर ते डिझेल इंजिनात घालू नये. घनतामापकाने येथे फारसे भागत नाही. घनतेवरून भेसळीचा संशय घेता येतो, पण डिझेल जुने होऊन राळ धरू लागले आहे हे घनता सांगत नाही. पेट्रोलचा वास आला तर मात्र तपासणी तिथेच थांबवावी, कारण पेट्रोल मिसळलेले डिझेल सहज पेट घेते आणि ते हाताळण्याचे नियमच वेगळे आहेत.

वाचवण्याजोगे डिझेल काढताना नळी तळापासून निदान दहा सेंटिमीटर वर धरावी आणि हातपंप सावकाश चालवावा. तळाचे ते शेवटचे डिझेल कितीही वाया जात आहे असे वाटले तरी वेगळ्या कॅनमध्येच जावे. सुती कापडाने किंवा नरसाळ्याच्या जाळीने गाळल्यावर डोळ्यांना दिसणारा कचरा अडतो, पाणी आणि बारीक गाळ अडत नाही. त्यासाठी वॉटर सेपरेटर (डिझेलमधून पाणी वेगळे करणारे भांडे) आणि दहा मायक्रॉनच्या आसपासचा फिल्टर लावलेला पंप वापरावा. मोठ्या टाक्यांमधील डिझेल जागेवरच फिरवून गाळून देणारे व्यावसायिकही मिळतात, आणि पाचशे लिटरच्या वर साठा असेल तर तो खर्च परवडतो. गाळलेले डिझेल एकास चार या प्रमाणात ताज्या डिझेलमध्ये मिसळावे. पहिल्या काही तासांत फिल्टर तुंबण्याची शक्यता गृहीत धरून नवा फिल्टर हाताशी ठेवावा. फिल्टर बदलल्यावर इंजिनाने एअर धरू नये, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकून ते बंद पडू नये, म्हणून हवा नीट काढावी.

हे मिश्रण कोणत्या इंजिनात घालायचे याबाबत मी कडक राहीन. यांत्रिक फ्युएल पंपाचे जुने ऑइल इंजिन किंवा जुना ट्रॅक्टर ते पचवतो. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल पुरवणारी यंत्रणा) असलेली मोटार, नवा ट्रॅक्टर, किंवा १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जन नियमांनुसार बनलेला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा जनरेटर यांत ते घालू नये. त्यांच्या इंजेक्टरमधील, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या भागातील, फटी इतक्या सूक्ष्म असतात की थोडे पाणी किंवा राळही त्यांना पुरते, आणि एका इंजेक्टरच्या किमतीत अनेक कॅन ताजे डिझेल येते. एप्रिल २०२० पूर्वी भरलेल्या साठ्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे. तेव्हाच्या बीएस चार (भारत स्टेज या उत्सर्जन मानकाचा चौथा टप्पा) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग, होती, आता बीएस सहामध्ये ती १० पीपीएम आहे. ते जुने डिझेल दिसायला स्वच्छ असले तरी नव्या वाहनाच्या धूरशुद्धीकरण यंत्रणेसाठी योग्य नाही.

दुकानात मिळणाऱ्या रसायनांबद्दल मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत. स्टॅबिलायझर ताज्या डिझेलमध्ये घातल्यास त्याचे आयुष्य वाढवते, पण तयार झालेली राळ परत विरघळवून डिझेल नवे करीत नाही. बुरशीनाशक जंतू मारते, तथापि मेलेला थर टाकीतच राहतो आणि सुटून फिल्टरमध्ये जातो. म्हणून आधी पाणी काढावे, टाकी आतून धुऊन पुसावी, आणि मगच डब्यावर लिहिलेल्या मात्रेत औषध घालावे. पाणी तसेच राहिले तर बुरशी पुन्हा येते.

वापरास अयोग्य ठरलेले डिझेल आणि तळाचा गाळ यांची विल्हेवाट हा या कामाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ते बांधावर, ओढ्यात, गटारात किंवा पडक्या विहिरीत ओतू नये, कारण मातीत मुरलेले डिझेल भूजलापर्यंत पोचते आणि तेच पाणी शेजारच्या विहिरीत येते. ते स्टोव्हमध्ये घालू नये, कचरा पेटवण्यासाठी वापरू नये, आणि ओळखीच्या माणसाला स्वस्तात विकूही नये. गंजलेले बोल्ट किंवा नांगराचे भाग धुण्यासाठी लिटर-दोन लिटर ठेवण्यास हरकत नाही, मात्र धुतल्यावर उरलेलेही साठवूनच ठेवावे. बाकीचे झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर ‘खराब डिझेल’ असे लिहून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या टाकाऊ तेल घेणाऱ्या पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावे. गावात त्याचा पत्ता नसेल, तर ट्रॅक्टरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जळके इंजिन ऑइल कोण उचलते हे विचारावे आणि त्याच्याकडे मंडळाची परवानगी आहे याची खात्री करावी. गृहसंस्था आणि कारखान्यांनी २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार दिल्याघेतल्याची नोंद ठेवावी. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामाईक केंद्रे आहेत. हे कॅन एसटीने किंवा रेल्वेने नेऊ नयेत.

या सर्व कामात दोन चुका जिवावर बेततात. पहिली म्हणजे नळीने तोंडाने डिझेल ओढणे. घोटभर डिझेल पोटात जाण्यापेक्षा थेंबभर फुप्फुसात जाणे अधिक घातक असते, म्हणून कोणी गिळलेच तर त्याला ओकारी काढायला लावू नये, तातडीने दवाखान्यात न्यावे. दुसरी म्हणजे रिकाम्या बॅरलला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावणे. रिकाम्या दिसणाऱ्या बॅरलमध्ये वाफा असतात आणि ठिणगीने त्यांचा स्फोट होतो. डिझेल पेट्रोलसारखे पेटत नाही हे खरे, पण त्याच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफा ठिणगीने पेटू शकतात त्याची) भारतीय मानकातील किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात विदर्भातील पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्या बराच वर असतो. काम सकाळी, उघड्या हवेत, विडी-काडी दूर ठेवून आणि कोरडी वाळू व पावडरचे अग्निशामक जवळ ठेवून करावे. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतू नये.

पुढचा साठा करताना तीन महिन्यांच्या गरजेपुरतेच डिझेल आणावे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ‘ब’ वर्गात मोडते. एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसेल तोवर त्याच्या साठ्याला परवाना लागत नाही. त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे नियम लागू होतात. बॅरल जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर आडवे ठेवावे, आणि दोन्ही बुचे घड्याळातील तीन व नऊच्या जागी येतील असे फिरवावे, म्हणजे ती आतून डिझेलखाली राहतात आणि बाहेरचे पाणी ओढत नाहीत. जनरेटरची टाकी जूनपूर्वी भरून ठेवावी, महिन्यातून एकदा तो भार देऊन अर्धा तास चालवावा आणि त्याच दिवशी ड्रेन कॉकमधून पेलाभर डिझेल काढून पाहावे. बॅरलवर भरल्याची तारीख ऑइल पेंटने लिहावी, कारण खडूने लिहिलेली तारीख पहिल्याच पावसात पुसली जाते.