बोर्डो फवारण्याआधी लिटमस बुडवा

श्रीवर्धनच्या आमच्या सुपारीच्या वाडीत मृग लागायच्या आत बोर्डोची, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणाची, पहिली फवारणी उरकावीच लागते. नाहीतर भर पावसात कोळे रोग येतो आणि कोवळ्या सुपारीचा सडा पडतो. प्रमाण सगळ्यांना पाठ असतं: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मीही तेवढ्यावरच विसंबून होते. एका वर्षी आदल्या साली उरलेला चुना घातला. वजन बरोबर किलोभर, तरी चार दिवसांत घोसांवर करपल्यासारखे डाग पडले. हवा लागून चुन्याचा दम गेला होता. मोरचुदाचं पाणी मुळात आम्ल. ते मारायला तेवढा चुना पुरला नाही. वजनावरून हे कळायला मार्गच नसतो.

तेव्हापासून निळ्या लिटमसचं, म्हणजे आम्लात तांबूस होणाऱ्या कागदाच्या पट्ट्यांचं, छोटं पुस्तक घरात असतं. शाळांना प्रयोगाचं सामान देणाऱ्या दुकानात मिळतं. (हा रंग आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या भाऊबंदांपासून काढतात.)

मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवा. लोखंडी भांडं नको. दुसऱ्या पिंपात चुना विरवून, गार करून, फडक्याने गाळा आणि ५० लिटर करा. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात हळूहळू ओता, लाकडी दांड्याने ढवळत राहा. उलटं ओतू नका.

आता कागद. मिश्रण स्वतःच आभाळी निळं असतं, त्यामुळे कागद थेट खुपसला की त्याचा रंग कुठला आणि मिश्रणाचा कुठला, काही समजत नाही. मी वाटीभर मिश्रण बाजूला काढून निवळू देते. वर नितळ पाणी आलं की कोरड्या हाताने कागदाचं फक्त टोक त्यात टेकवते. पाणी कागदात वर चढतं. त्या ओल्या कडेचा रंग पाहायचा, तोही लगेच, उजेडात. निळा कागद तांबूस झाला तर मिश्रण अजून आम्ल आहे. थोडी चुन्याची निवळी घाला, ढवळा, नवा कागद लावा. निळा निळाच राहिला की थांबा. उगाच चुना ओतत राहिलात तर पंपाचं नोझल तुंबतं.

आम्लता आकड्यात दाखवणारा पीएच कागद असेल (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तर ७ ते ८ च्या मधला रंग जुळवा. ६ आला तर ‘एकानेच कमी’ म्हणून सोडू नका. ६ म्हणजे ७ च्या दहापट आम्ल.

कागद संपलेच असतील तर घासून लख्ख केलेलं कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर चुना कमी आहे. पण पातं फक्त मोठी चूक दाखवतं, म्हणून माझा भरवसा कागदावर.

पुस्तक घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. कोकणातल्या दमट हवेत उघडं राहिलं तर वाया जातं. आणि सकाळी केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळ्या बोर्डोचा रवा होतो, तो घोसाला चिकटत नाही.