५०२ दिसला की आधी लॉग उघडा : एनजिनएक्स आणि जँगो जोडताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवणारी, जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर बांधलेली साइट घ्या. लॅपटॉपवर बिनतक्रार चालते, सर्व्हरवर चढवली की ५०२, म्हणजे मागच्या प्रोग्रॅमकडून नीट उत्तर न आल्याचा एरर. अशा वेळी दिसेल ती सेटिंग बदलत सुटू नका. रिक्वेस्ट आधी एनजिनएक्स या समोरच्या वेब सर्व्हरकडे येते, तिथून पायथनचं अ‍ॅप चालवणाऱ्या गनिकॉर्नकडे जाते आणि गनिकॉर्न ती डब्ल्यूएसजीआयच्या (सर्व्हर आणि पायथन अ‍ॅपमधल्या) ठरलेल्या पद्धतीने जँगोच्या हाती देतो. यात कुठे तुटलं, ते एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

तिथे १११ हा एररचा क्रमांक दिसला तर त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही : गनिकॉर्न बंद आहे किंवा पोर्ट चुकलाय. २ म्हणजे सॉकेटची फाइल (पोर्टऐवजी जिच्यातून एनजिनएक्स आणि गनिकॉर्न बोलतात ती) त्या जागी नाही. १३ म्हणजे फाइल आहे, पण परवानगी नाही. बहुतेक वेळा सॉकेट होम फोल्डरमध्ये ठेवलेला असतो आणि उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ते फोल्डर इतर युजरना बंद असतं. सॉकेट ‘रन’ फोल्डरमध्ये हलवा. फोल्डरला ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळं होऊ नका, कारण मग सर्व्हरवरच्या कुणालाही तिथल्या फाइली बदलता येतात.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती टाइमआउटची, म्हणजे उत्तरासाठी थांबण्याच्या मर्यादेची गफलत. समजा, हंगामाचा रिपोर्ट निघायला ४५ सेकंद लागतात. एनजिनएक्स मुळात ६० सेकंद थांबतो, म्हणजे चालायला हवं. पण गनिकॉर्नची मर्यादा ३० सेकंदांची; तो अडकलेला वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) मारून टाकतो आणि समोर ५०२ येतो. इथे एनजिनएक्सचा टाइमआउट ३०० केला तरी ढिम्म फरक पडत नाही. उलट फक्त गनिकॉर्नचा वाढवला आणि रिपोर्ट ७० सेकंदांवर गेला, तर ५०४, म्हणजे वाट पाहून वेळ संपल्याचा एरर दिसेल. वाढवायचेच तर दोन्ही वाढवा, एनजिनएक्सचा थोडा जास्त ठेवा. खरा इलाज म्हणजे असा रिपोर्ट सेलरीसारख्या साधनाने बॅकग्राउंड कामात ढकलणं. गनिकॉर्न मुळात एकच वर्कर चालवतो. त्या एका रिपोर्टपायी बाकीचे व्यापारी ताटकळतात. दोन कोअरच्या सर्व्हरवर ५ वर्करपासून सुरुवात करा, मात्र रॅम पुरते का ते बघा.

मोबाइलवरून काढलेला हळदीचा फोटो चढत नाही आणि ४१३ (फाइल फार मोठी) येतो? एनजिनएक्सची मर्यादा १ एमबी असते. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ १० एमबी करा.

एचटीटीपीएस लावल्यावर पान स्वतःकडेच फिरत राहिलं, तर ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हेडर (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपीएसवरून आली का, हे सांगणारी नोंद) जँगोपर्यंत पोचत नाहीये. तो एनजिनएक्समध्ये सेट करा, मगच जँगोला त्यावर विश्वास ठेवायला सांगा. क्रम उलटा झाला, तर बाहेरचा कुणीही खोटा हेडर पाठवू शकतो.