बडोद्यात शिकायला आलात, आता इंग्रजीचं काय?

बी.ए., बी.एस्सी. मराठीतून करून महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुढचं शिकायला आला असाल, तर राहण्या-जेवणाची फार काळजी करू नका. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात मराठी बोलणारं माणूस भेटतंच आणि गुजराती महिना-दोन महिन्यांत कानात बसते. खरी अडचण वर्गात येते. इथे शिकवणं, परीक्षा, प्रबंध, सगळं इंग्रजीतून.

मी अमळनेरहून नवजीवन एक्सप्रेसने इथे उतरले, त्याला चोवीस वर्षं होतील. पहिल्याच सहामाहीत लिहून दिलेला निबंध परत आला. समासात एकच शेरा होता: 'सो व्हॉट?' आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्या रात्री हॉस्टेलवर खूप रडले. पुढे वर्षभराने तीच पानं पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. व्याकरणाच्या चुका दोन-चारच होत्या. दहा पानं माहिती भरली होती, पण माझं म्हणणं काय, ते कुठेच नव्हतं. म्हणून नव्या मुलांना मी आधी व्याकरणाचं पुस्तक घ्यायला सांगत नाही.

तुमच्या विषयातला एक छापील शोधनिबंध घ्या आणि पेन्सिल घेऊन फक्त प्रस्तावना वाचा. जॉन स्वेल्स या भाषाअभ्यासकाने 1990 मध्ये अशा प्रस्तावनांची चाल तीन पावलांत मांडून दाखवली: या विषयात आजवर काय झालंय, त्यात कुठली जागा रिकामी आहे, आणि ती मी कशी भरणार. 'हाउएव्हर' दिसला की तिथे थांबा, बहुतेक वेळा दुसरं पाऊल तिथूनच पडतं. रोज एक याप्रमाणे आठवडाभर करा. मग आपली प्रस्तावना तशी लिहून बघा.

भाषेच्या चुका होतील, पण आपल्या चुका ठरलेल्या असतात, हे बरंच आहे. इंग्रजीतली 'अ' आणि 'द' ही उपपदं मराठीत नाहीत, म्हणून ती गळतात. 'मी इथे दोन वर्षांपासून राहते' याचं आपण 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' करतो. हवं असतं 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टू इयर्स'. आपला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. स्वतःच्या अशा पाच-सहा चुका वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि प्रत्येक मसुदा त्या पानाशी ताडून बघा.

शब्दांचं वजन मात्र जास्त सांभाळायला लागतं. शंभर जणांची पाहणी करून 'प्रूव्हज' लिहू नका, 'सजेस्ट्स' लिहा. एका शब्दाने काय होतं ते विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नावातच आहे. ते हंसा मेहता यांच्या नावाचं आहे, त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या 1948 च्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं, त्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्या ग्रंथालयात अभ्यासाला बसताना मला हे दर वेळी आठवायचं.

शब्दसंग्रहासाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची यादी शोधा. सगळ्या विषयांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्दकुटुंबं, म्हणजे एकाच मुळापासून झालेल्या शब्दांचे गट, त्यात आहेत. मँचेस्टर विद्यापीठाची 'अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक' इंटरनेटवर फुकट आहे, त्यात शोधनिबंधात लागणाऱ्या वाक्यरचना तयार मिळतात.

उताऱ्यांच्या बाबतीत सावध राहा. शाळेत गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की शाबासकी मिळायची. इथे तो गुन्हा धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात दुसऱ्यांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 40 पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, 60 पर्यंत गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि त्याच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. शब्द इकडचे तिकडे करून हे टळत नाही. उतारा वाचा, पुस्तक मिटा, त्यात काय होतं ते मैत्रिणीला मराठीत सांगा, आणि मग इंग्रजीत लिहून खाली स्रोत द्या. मधली ही मराठी पायरी मला फार उपयोगी पडली.

ब्रिटनमधल्या विद्यापीठांत बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी कोर्सच्या आधी काही आठवड्यांचे 'प्री-सेशनल' वर्ग असतात. व्याख्यान ऐकता ऐकता टिपणं काढणं, स्रोत देणं, चर्चेत बोलणं हेच तिथे शिकवतात. आपण ते आपल्यापुरतं उभं करायचं. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या (आयसीसीआर) शिष्यवृत्तीवर आफ्रिका-आशियातून आलेली मुलं तुमच्या वर्गात असतील तर त्यांच्याशी जोडी जमवा आणि आठवड्यातून एक तास कमाटीबागेत बसून वाचलेलं एकमेकांना सांगा. मराठी मुलं मराठी मुलांतच राहतात, मीही राहिले. त्यात माया खूप मिळते, पण इंग्रजी तोंडात येत नाही. समोरच्याला मराठी येत नसेल आणि इंग्रजी त्याच्याही घरची भाषा नसेल, तर दोघांचीही भीड लवकर मोडते.

आणि सरांकडे किंवा मॅडमकडे दहा पानं घेऊन 'जरा बघता का' म्हणत जाऊ नका. एक परिच्छेद न्या आणि विचारा, माझं म्हणणं तुम्हाला कुठल्या वाक्यात सापडलं? तुमच्या मनात होतं त्याच वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं, तर पुढचं पान लिहायला घ्या.