परदेशी तैनातीवरून घरच्या लहानग्यास पत्र लिहिताना

नाशिकरोड-देवळाली भागातील अनेक घरांतून कोणीतरी फौजेत असते. असा एखादा मामा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेला, की फोनवर मोठ्यांचेच बोलणे होते आणि भाच्याच्या वाट्याला ‘अभ्यास कर, आईला त्रास देऊ नकोस’ एवढेच येते. म्हणून पत्र थेट त्याच्या नावाने, ‘चि.’ घालून, वेगळ्या पाकिटात लिहावे.

तळाचे नेमके ठिकाण, जवानांची संख्या, गस्तीच्या वाटा व वेळा आणि सहकाऱ्यांची नावे पत्रात येऊ देऊ नयेत. सुट्टीची तारीखही लिहू नये. त्यात सुरक्षिततेचा प्रश्न आहेच, शिवाय मूल ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवते आणि सुट्टी पुढे गेली की मोठ्यांची समजूत त्याच्या कामी येत नाही.

याउपर लिहिण्याजोगे पुष्कळ उरते. तिथल्या डिंका जमातीचे गुराखी लांब, बाकदार शिंगांची गुरे राखतात आणि आवडत्या बैलावर गाणी रचतात, हे पोळ्याला बैलांची शिंगे रंगवलेली पाहणाऱ्या मुलाला फार सांगावे लागत नाही. राजधानी जुबा शहराजवळून वाहणारी पांढरी नाईल उत्तरेला भूमध्य समुद्राकडे जाते, तर ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. दोन्ही नद्या नकाशात बोटाने गिरवायला सांगाव्यात. जुबाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे भाचा सकाळी सातला शाळेचे दप्तर भरतो तेव्हा मामाकडे रात्रीचे साडेतीनच वाजलेले असतात. एका पत्रात यांपैकी एकच विषय घ्यावा आणि तो ऐसपैस लिहावा. सगळेच कोंबले की पत्र भूगोलाच्या धड्यासारखे होते.

‘तू बंदूक चालवतोस का?’ हा प्रश्न कधीतरी येणारच, आणि तो टाळू नये. २०११ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशात पुढे आपसांत लढाई पेटली, सामान्य माणसांना संरक्षण देणे हे शांतिसेनेचे मुख्य काम आहे आणि त्यासाठी शस्त्र जवळ ठेवावे लागते, एवढे सरळ उत्तर पुरते. पाहिलेल्या हालअपेष्टा मात्र लिहू नयेत. त्या ऐकायला घरात मोठी माणसे आहेत.

‘कसा आहेस?’ असे विचारले तर उत्तर ‘मी बरा आहे’ असेच येते. त्याऐवजी ‘रंगपंचमीला जुन्या नाशकातली रहाड उघडली तेव्हा पहिली उडी कोणी मारली?’ असे (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद) विचारावे, म्हणजे पानभर मजकूर येतो. अक्षर सुटे व ठळक काढावे, कारण मूल पत्र स्वतः वाचू पाहते. शेवटी ‘थोरांस नमस्कार’ आणि ‘तुझा मामा’ लिहून उत्तरासाठीचा लष्करी टपालाचा पत्ता युनिटकडून जसा मिळेल तसाच उतरवून द्यावा. प्रत्येक पत्रावर क्रमांकही घालावा. दूरच्या टपालात नंतरचे पत्र कधी कधी आधी पोहोचते.