फर्स्ट पर्सनमध्ये डोकं गरगरायचं, ते कसं थांबलं

राजारामपुरीतला आमचा ग्रुप एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हा व्हिडिओ गेम कॅमेरा पात्राच्या मागे ठेवूनच, म्हणजे थर्ड पर्सनमध्ये खेळतो. मला मात्र पात्राच्या डोळ्यांनीच, म्हणजे फर्स्ट पर्सनमध्ये बघायचं असतं. पण थोड्याच वेळात मळमळायचं. सेटिंगमध्ये जाऊन फील्ड ऑफ व्ह्यू (एका वेळी किती रुंद दिसतं ते) वाढवला, चालताना दृश्य हलवणारा हेड बॉब शून्यावर आणला. निम्मं काम तिथंच झालं.

खरा घोळ पाठीमागचा, तिकडचं काही दिसतच नाही. शत्रूचा मारा जिथं पडणार त्या लाल वर्तुळात आपण उभे आहोत हेच कळत नाही! म्हणून भिंतीला पाठ लावून लढतो, हेडफोन घालतो. बॉस, म्हणजे मोठा शत्रू आला की माउसचं चाक मागं फिरवून सरळ थर्ड पर्सन.

"मग आधीच तसं खेळ की भावा!" दोस्त म्हणतो. पण गुहेत हिंडायला फर्स्ट पर्सनच, नाद खुळा!